फुगा कोणाच्या आवाजावर चढला

"पुन्हा," रेठरेकर बाई म्हणाल्या.

नसीमनं छातीभर श्वास घेतला, माइकजवळ तोंड नेलं आणि 'आ' लावला. कपाटाची काच थरथरली. शेजारच्या वर्गातले एक मास्तर डोकावून गेले. पडद्यावरचा लाल फुगा मात्र हिरवळीवर बसला होता तसाच बसून राहिला.

"पोरगी ओरडतेय, वृंदा," बाई म्हणाल्या. "बहिरा तुझा फुगा आहे."

"फुगा नाही बाई, साउंडकार्ड."

"जे कोणी असेल ते. आमच्याकडे बहिरे पुरेसे आहेत."

ही दोन हजार आठ सालातली, जूनअखेरची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. दिवसा आमच्या तालुक्याच्या गावच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, कधीही न भेटलेल्या देशोदेशींच्या दहा-बारा जणांबरोबर, एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची डागडुजी करायचे. डॉसवरचे जुने खेळ नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात ते एक नकली जुना कॉम्प्युटर उभा करायचं. नकली वेग, नकली कीबोर्ड, नकली साउंडकार्ड. खेळाला बिचाऱ्याला वाटायचं, अजून चौऱ्याण्णव सालच चालू आहे. आवाजाचा विभाग माझ्याकडे होता. बंदुकीचा बार उशिरा वाजतो, मोटारीचं इंजिन चिरकतं, अशा तक्रारी पोलंडहून, ब्राझीलहून यायच्या आणि मी त्या निकालात काढायचे. गावात याची खबर कुणाला नव्हती. रेठरेकर बाई आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत, आणि एकदा हळदीकुंकवाला त्यांच्यासमोर मी जरा जास्तच बढाई मारली, एवढंच.

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत वाचा शिकवत. एकवीस वर्षं. शाळेच्या टोकाला त्यांची एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत चौदा वर्षांचा एक कॉम्प्युटर होता, त्यावर 'फुगा' नावाचा खेळ. पुण्याच्या कुणा इंजिनिअरनं लिहिलेला. तो माणूस पुढे कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. खेळ सोपा. माइकमध्ये आवाज काढलात की फुगा चढतो, थांबलात की उतरतो. ज्या मुलाला स्वतःचा आवाज कधीच ऐकू येणार नाही, त्याला तो निदान दिसतो. मेमध्ये तो कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. शाळेला देणगीत नवे कोरे पाच कॉम्प्युटर आले होते, पण त्यांना 'फुगा' समजत नव्हता.

आणि संस्थेला ती खोली हवी होती. शिवण-वर्गासाठी. कार्यवाह उपळेकरांनी बाईंना सरळ सांगितलं होतं, "गुरुवारी अकराला समिती येतेय. तुमचं यंत्र चाललं, मुलांनी बोलून दाखवलं, तर खोली तुमची. नाहीतर मशिनी आणतो. शिवणावर पोरी पोटाला तरी लागतील."

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

माझी एक खोड आहे. माणूस भेटला की मी मनातल्या मनात त्याची नोंद करते: काय म्हणाला, कितीदा म्हणाला आणि प्रत्यक्षात काय केलं. त्या सहा दिवसांत बाईंनी मला "होईल ना गं?" असं अकरा वेळा विचारलं आणि मी अकराही वेळा "न व्हायला काय झालं?" म्हणाले. त्यांच्या रकान्यात भीती होती, माझ्या रकान्यात ऐट.

अडचण काय होती ते मला पहिल्याच दिवशी सापडलं. आमच्या सॉफ्टवेअरमधलं नकली साउंडकार्ड बोलायचं उत्तम, पण त्याला ऐकायला कुणी शिकवलंच नव्हतं. बंदुकांच्या आणि मोटारींच्या खेळात माइक लागतो कुणाला? मी आमच्या मंडळींना लिहिलं. पोलंडचा एक जण म्हणाला, डॉसच्या खेळात माइक म्हणजे बैलगाडीला वायपर. मी त्याला उत्तर दिलं नाही. कान बसवायला घेतला.

घरी बसून दर दोन मिनिटांनी माइकमध्ये 'आ' करावा लागायचा. तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी काय आ वासून ओरडतेस? जोशीकाकू विचारून गेल्या, वृंदाला बरं नाही का म्हणून."

मग मी माझाच एक लांब 'आ' रेकॉर्ड करून ठेवला आणि अशी सोय केली की एफ-नाइन दाबलं की तोच आवाज, बाहेर ऐकू न येता, माइकऐवजी नकली साउंडकार्डाला मिळावा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. फुगा चढायचा, मी चहा प्यायचे. काम संपलं की ही सोय काढून टाकायची असते. कामचलाऊ शिडीसारखी.

मंगळवारी मी सगळं शाळेतल्या नव्या कॉम्प्युटरवर चढवलं. माइकसमोर बसून "हॅलो, हॅलो, एक दोन तीन, रेठरेकर बाईंचा विजय असो" म्हणाले. फुगा टुणकन वर गेला, थांबले तेव्हा खाली आला. बाईंनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की फुगा पुन्हा चढला.

"आता नसीमला बसव," मी म्हटलं.

"ती मिरजेला गेलीय. मामेबहिणीचं लग्न. गुरुवारी सकाळी येईल."

"मग दुसरं कुणी?"

"बाकीची अजून कच्ची आहेत. गुरुवारी नसीमच बसणार. एकदा तिच्यावर पाहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"बाई, आवाज तो आवाज. माझा काय, तिचा काय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही होतं, पण मी घाईत होते. आमच्या मंडळींना 'माइक चालू झाला' असं कळवायचं होतं. पोलंडवाल्याला विशेष.

गुरुवारी नसीम साडेदहाला आली, हातावर ताजी मेंदी. नऊ वर्षांची, कपाळावर बारीकशी जखमेची खूण, डोळे सतत कामावर. नसीम शिकलगार जन्मापासून ठार बहिरी. कानातल्या मशीनचा तिला उपयोग एवढाच की मोठा ट्रक गेला की कळावं. बाईंनी तिला आवाज शिकवला तो हातानं. आधी तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून, मग तिच्याच गळ्यावर. गळा थरथरला तर आवाज आहे, नाहीतर नाही. आणि बाईंच्या खोलीत एक नियम होता: खुणा करायच्या नाहीत, हात बाकावर. मैदानात काय हवं ते करा, इथं तोंडानं बोला. हा नियम नसीम कधी मोडत नसे.

सरावाला वेळ मिळाला नाही. समिती दहा मिनिटं आधीच आली.

तिघं होते. दोघांची नोंद ठेवण्यासारखी नव्हती. ते खुर्च्यांवर बसून पंख्याचं बटण शोधत होते. तिसरे उपळेकर. सत्तरीकडे झुकलेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी झालेली. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासल्यामुळे समोरच्या माणसाकडेही ते तसेच बघत: आधी काटा, मग तळ.

"हं, होऊ द्या बाई," ते म्हणाले. "हीच का ती पोरगी?"

"हीच. नसीम, चल बेटा."

नसीम बसली. हात बाकावर. श्वास घेतला, 'आ' लावला. तिचा आवाज मला माहीत होता: जाड, सरळ, कुठेही न हलणारा, सुतारानं ओढलेल्या रेघेसारखा.

फुगा किंचित उचलला गेला आणि लगेच खाली बसला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. थोडासा हिसका आणि खाली. नसीमनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी बोट वर केलं, म्हणजे अजून जोरात. तिसऱ्या वेळी तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. फुगा हिरवळीवर.

"मंगळवारी चालत होता," बाई म्हणाल्या.

"मंगळवार गेला की ओ," उपळेकर म्हणाले. तसं वाईट बोलले नाहीत. काटा पुढे सरकला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. बाजूच्या सदस्यानं खोलीच्या भिंती डोळ्यांनी मापायला सुरुवात केली. खिडकीपाशी दोन मशिनी, दाराशी दोन, असंच काहीतरी त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मॅडम, काय अडचण?" उपळेकरांनी मला विचारलं.

"काही नाही, एक मिनिट." मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. काय बिघडलंय याची मला कणभर कल्पना नव्हती. बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. एकवीस वर्षं, मी मोजलं. आणि लगेच हेही मोजलं की मी जगभर कळवून बसलेय.

"नसीम, परत," मी म्हटलं आणि तिला हातानं सुरू कर असं दाखवलं. तिनं तोंड उघडताच मी एफ-नाइन दाबलं.

फुगा चढला. झाडाच्या शेंड्यावरून, कौलांवरून, डोंगरावरून. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे मिटले. उपळेकर पुढे झुकून म्हणाले, "अरे व्वा. आता कसं!"

नसीमचा श्वास संपला. ती थांबली.

फुगा चढतच राहिला.

मी एफ-नाइन सोडायला हवं होतं, म्हणजे परत दाबायला हवं होतं. पण उपळेकर माझ्या हाताकडेच बघत होते, की मला तसं वाटलं, आणि बोट हललं नाही. दोन सेकंद. चार. फुगा ढगात शिरला.

नसीमनं तोंड मिटलं. मुद्दाम, ओठ आत घेऊन. मग बाकावरचा उजवा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा गप्प होता. तिनं फुग्याकडे पाहिलं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि मेंदीचा तो लहानसा हात माझ्या गळ्यावर टेकवला.

मी श्वास रोखून धरला होता. तिथंही काही नव्हतं.

मग ती बाईंकडे गेली. बाईंच्या गळ्यावर हात. नाही. मग कोपऱ्यातल्या सदस्याकडे; तो हसत मागे सरला, तिनं त्याला सोडलं नाही. मग दुसरा. खोलीत कुणी बोलत नव्हतं, कारण आधी सगळ्यांना तो लाडिकपणा वाटला आणि नंतर तसा वाटेना. शेवटी ती उपळेकरांसमोर उभी राहिली. त्यांनी मान वर केली, दाढी करून घेताना करतात तशी, आणि तिला गळा दिला.

पाचही गळे गप्प होते आणि फुगा ढगांच्या वर होता.

नसीम बाईंकडे वळली आणि एकवीस वर्षांत त्या खोलीत जे कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. दोन्ही हात उचलले आणि भराभर खुणा केल्या.

"काय म्हणतेय ती?" उपळेकरांनी विचारलं.

बाई नसीमच्या हातांकडेच बघत राहिल्या.

"बाई, काय म्हणतेय पोरगी?"

नसीमशिवाय त्या खोलीत खुणांची भाषा कळणारं माणूस एकच होतं. मला ते त्याच क्षणी लक्षात आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. बाई सांगतील ते खरं. बाईंना खोली हवी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्यांना वाचता आलं असणार.

बाईंनी पदर सावरला. नसीमकडे पाहत, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "ती विचारतेय, मी गप्प आहे. तुम्ही सगळे गप्प आहात. मग हा कुणाच्या आवाजावर चढतोय?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी एफ-नाइन दाबलं. फुगा उतरायला लागला. ढगातून डोंगरावर, डोंगरावरून कौलांवर. इतका वेळ लागतो त्याला उतरायला, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"माझ्या," मी म्हटलं. "रेकॉर्ड केलेला आवाज आहे. बाईंना माहीत नव्हतं."

"म्हणजे यंत्र चालत नाही," भिंती मापणारा सदस्य म्हणाला आणि उठायला लागला.

"बसा," उपळेकर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग मला म्हणाले, "पारड्याखाली मेण चिकटवतात, माहीताय? मेणात शिसं. अठ्ठावीस वर्षं मी तेच हुडकत फिरलो. पारड्याखाली बोट घातलं की दुकानदाराचं तोंड व्हायचं ना, तसं झालंय तुमचं आत्ता."

मी मान खाली घातली.

"पण एक सांगा बाई." ते रेठरेकर बाईंकडे वळले. "मी मेण पकडायचो, कारण माझ्या पेटीत सरकारी शिक्क्याचं खरं वजन असायचं. ते नसतं तर मला काय कळणार होतं, कप्पाळ? ह्या पोरीला ऐकू येत नाही. मग आपला आवाज थांबलाय, हे तिला कशावरनं कळलं?"

"गळ्यावरून," बाई म्हणाल्या.

"हात नंतर लावला तिनं. मी बघत होतो. आधी तोंड मिटलं. तिला आधीच कळलं होतं."

आम्ही दोघींनी ते पाहिलं होतं आणि दोघींनाही दिसलं नव्हतं. पडद्यावरचा फुगा तिला 'तू बोलतेयस' असं सांगत होता, टाळ्या तेच सांगत होत्या, आणि नऊ वर्षांच्या बहिऱ्या मुलीनं त्या सगळ्यांपेक्षा स्वतःच्या गळ्यावर विश्वास ठेवला होता.

"हे ह्या खोलीत शिकली?"

"हो."

"दिवाळीपर्यंत मशिनी आणत नाही," उपळेकर उठत म्हणाले. "पुढचं पुढं. यंत्र खरंच चालवून दाखवा. आणि मॅडम, तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही त्या दिवशी. लांब बसायचं." दाराशी जाऊन ते थांबले, नसीमच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूच्या सदस्याला म्हणाले, "आमच्या खात्यात असती तर बाजार बंद पडला असता."

समिती गेली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. मला घरी जायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी कॉम्प्युटरसमोर बसले. करण्यासारखं तेवढंच होतं.

नसीमला मी खुणेनं विचारलं, परत करशील? ती बराच वेळ माझ्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. मी ते उचलून डोक्यावर ठेवले, पोलिसांनी पकडल्यासारखे. तेव्हा ती हसली आणि माइकसमोर बसली.

चूक सापडायला तास गेला. नव्या कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एक खूण आपोआप लागलेली होती: मागची घरघर काढून टाका. पंख्याची, मोटारीची, अशी एका सुरात चालणारी कोणतीही घरघर ते गाळून टाकायचं आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं. माणसाचं बोलणं म्हणजे काय? वर-खाली होतं ते. माझं 'एक दोन तीन' होत होतं तसं. नसीमचा सरळ, न हलणारा 'आ' त्याला पंखा वाटत होता. अर्धा सेकंद ऐकून ते ठरवायचं की हा माणूस नव्हे.

आवाज तो आवाज, असं मी मंगळवारी म्हणाले होते.

मी ती खूण काढली. हात पुन्हा डोक्यावर ठेवले. नसीमनं 'आ' लावला आणि फुगा हिरवळीवरून सुटला. ती थांबली, तो उतरला. परत, थांबली. परत. सतरा वेळा तिनं असं केलं. सतराव्या वेळी ती खेळत होती. आधीच्या सोळा वेळा तपासत होती.

पुढे आमच्या मंडळींनी तो माइकचा भाग सॉफ्टवेअरमध्ये घेतला. पोलंडवाल्यानं अभिनंदन कळवलं. एफ-नाइनची सोय मी त्यातून काढून टाकली होती, आणि हा प्रसंग सांगताना पुढे बरीच वर्षं मी फक्त घरघरीच्या खुणेचा भाग सांगत असे. लोकांना आवडायचा.

त्या दिवशी दुपारी नसीमला घ्यायला तिचे अब्बा आले. ती गेल्यावर बाई खोलीला कुलूप लावत होत्या. मी वऱ्हांड्यात चपला घालत होते, खरं तर घालून झाल्या होत्या.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला सगळं समजलं होतं. तुम्ही दुसरं काहीही सांगितलं असतंत तरी त्यांना कळलं नसतं. खोली तिथंच मिळाली असती. खरं का सांगितलंत?"

बाईंनी कुलूप ओढून पाहिलं, दोनदा.

"मी काही हरिश्चंद्र नाही गं," त्या म्हणाल्या. "'तिला फार आनंद झालाय' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं."

"मग?"

"ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ओठ वाचायला तिला मीच शिकवलंय."